तेरा बोटांचा चौरंग

सोमलिंग जातीनं सुतार नव्हता, पण हात सुताराचा होता. घर लिंगायताचं, गाव सास्तूरपासून दोन कोसांवर, जमीन नऊ एकर आणि सगळी आभाळाच्या भरवशावर. लहानपणी तो गावच्या सुताराजवळ तासन्‌तास बसायचा. बसता बसता वाकस धरायला शिकला, मग करवत, मग रंधा. पुढं घरची बाज, दाराची चौकट, नांगर, सगळं त्यानं स्वतःच केलं. बाबू सुतार त्याच्याच वयाचा. तो म्हणायचा, "सोमण्णा, एक तर तू शेत कर, न्हायतर तुझं शेत मला दे. दोन्ही तूच खाल्लंस तर म्या काय चाटायचं?"

त्याची बायको इरम्मा. तिची मांडी मोडली ती दुष्काळी कामावर. बहात्तरला पाऊस गेला आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. दुष्काळानं सगळ्यांना एका रांगेत उभं केलं होतं. इरम्माच्या पुढं बौद्धवाड्यातली हरणाबाई, मागं पाटलाची सून, आणि पाट्या हातोहात बांधावर जायच्या. एक दिवस दुपारी खाणीची दरड खचली. हरणाबाईनं इरम्माला दंडाला धरून ओढलं, तेवढ्यानं जीव वाचला. पण मागून आलेला धोंडा डाव्या मांडीवर बसला. गुडघ्याच्या वर चार बोटांवर हाड मोडलं.

शहराच्या दवाखान्यात तिला खाटेवर उताणं ठेवलं. पायाला दोरी बांधली, दोरी चाकावरून घेऊन तिच्या टोकाला विटा टांगल्या. दोन महिने त्या विटा लोंबत होत्या. मग कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, ते आणखी दोन महिने. सोमलिंग खाटेखालीच झोपायचा. विटा, दोरी, चाक हे सगळं त्याला पटलं होतं. वाकडी फळी सरळ करायला माणूस दुसरं काय करतो?

प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय बघून इरम्मा म्हणाली, "हा माझा न्हाय." तो वाळल्या कडब्याच्या ताटासारखा झाला होता. त्या दिवशी दवाखान्यातले व्यायामाचे मास्तर खाटेजवळ आले. लोक त्यांना मास्तरच म्हणायचे. मागल्या बाजूच्या एका खोलीत ते मोडलेल्या माणसांचे हातपाय हलवून घ्यायचे. त्यांनी इरम्माला खाटेच्या काठावर बसवलं, पाय खाली सोडायला लावला आणि सोमलिंगाला म्हणाले, "बघा आणि शिका. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. गुडघा वाकवायचा. दुखणार. रडतील. तरी वाकवायचा. हाड आम्ही जोडलं, पण गुडघा तुम्हाला सोडवायचा आहे. तीन महिने तुमच्या हातात आहेत. पुढं तो दगड होईल."

सोमलिंगानं मान हलवली. त्याला सगळं समजलं होतं. असं नव्हे की त्याला कुणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर दोन दिवस त्यानं ते केलं. इरम्मा बाजेच्या काठावर बसायची, तो खाली बसून तिचा घोटा धरायचा आणि मागं रेटायचा. पहिल्या दिवशी ती दात खाऊन गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी ती रडली. इरम्मा रडणारी बाई नव्हती. बाळंतपणात रडली नव्हती, धोंडा पडला तेव्हाही नाही. आता तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती "सोडा, सोडा" म्हणायला लागली. सोमलिंगानं पाय सोडला.

तिसऱ्या दिवशी त्यानं पायाला हात लावला नाही.

"मास्तर म्हणले होते," इरम्मा म्हणाली.

"मास्तरला हाडाचं कळतं. मला सांध्याचं कळतं." तो म्हणाला. "सरसानं सांधा जोडला की त्याला हात लावायचा नसतो. वाळायच्या आत हलवला की सांधा खिळखिळा झाला म्हणून समज. तुझं हाड कच्चं हाय अजून. निबर होऊ दे, मग वाकवू."

इरम्माला ते खरं वाटलं, कारण तिला ते खरं वाटायला हवं होतं. सोमलिंगालाही तसंच. लाकडाच्या बाबतीत त्याचा शब्द कधी खोटा पडला नव्हता.

त्या साली पाऊस बरा झाला. पण सोमलिंगाचं ध्यान शेतात नव्हतं. अंगणातलं एक जुनं लिंबाचं झाड दुष्काळात वाळून गेलं होतं. ते त्यानं पाडलं, फळ्या काढल्या आणि कामाला लागला. आधी त्यानं बाजेचे खूर उंच केले, म्हणजे इरम्माला उठताना वाकावं लागू नये. मग एक खुर्ची केली, पुढं लांब फळी असलेली. त्या फळीवर पाय सरळ ठेवून ती बसू शकायची. मग मधोमध भोक पाडलेली दुसरी खुर्ची. ती बघून हरणाबाई खूप हसली, पण परसात नीट आडोसा करून द्यायला तिनंच मदत केली. मग चूल. कमरेएवढा ओटा बांधून त्यावर चूल घातली, तेव्हा गावातल्या बाया ती बघायला आल्या. अख्ख्या गावात बाया चुलीपुढं उकिडव्या बसायच्या, आणि इरम्मा उभी राहून भाकरी थापत होती.

"नशीब काढलंस, इरम्मा," पाटलाची सून म्हणाली. "आमचा माणूस मोडल्या बाजेला खिळा ठोकत न्हाय."

"पाय मोडून घे मग," हरणाबाई म्हणाली. "बघू काय काय बांधतो ते."

इरम्मा हसली. तिला अभिमान वाटत होता, ते लपत नव्हतं.

पूजेसाठी त्यानं एक उंच मेज केलं. लिंगायताची पूजा म्हणजे गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि मांडी घालून बसायचं. इरम्मा आता खुर्चीवर पाय लांब करून बसायची आणि हात मेजावर टेकवायची. मेजाच्या कडेला त्यानं बेलाची पानं कोरली होती. त्या पानांना आठ दिवस लागले.

असं वर्ष गेलं. हाड कधीच निबर झालं होतं. काठी घेऊन ती विहिरीपर्यंत जायची, पाय कंपासासारखा बाहेरून फिरवत. एकदा सोमलिंगानं सहज म्हणून गुडघा वाकवून बघितला. तो जरासा हलला आणि थांबला. पावसात फुगलेलं दार थांबतं तसा नव्हे. तसं दार कुठं अडलंय ते हाताला कळतं. इथं काहीच कळत नव्हतं. त्यानं पाय परत फळीवर ठेवला आणि तिला विचारलं नाही, की दुखलं का.

दुसऱ्या श्रावणात, सोमवारी, घरी मठाचे अय्या आले. लिंगायतांचे पूजापाठ तेच करायचे. पाच-सहा बाया ओळीनं मांडी घालून बसल्या. इरम्माची खुर्ची मागं. सगळ्यांची लिंगं तळहातावर, सगळ्यांच्या माना खाली. इरम्मा सगळ्यांच्या वर, न्यायाला बसलेल्या पाटलासारखी, पाय पुढं ताठ. पाटलाच्या सुनेच्या पाठीला तिची टाच लागत होती. सून थोडी पुढं सरकली.

बाया गेल्यावर इरम्मा तशीच बसून राहिली. सोमलिंग भांडी उचलत होता.

"अवो," ती म्हणाली. "म्या मेल्यावर मला कशी बसवाल?"

सोमलिंग हातात तांब्या घेऊन उभा राहिला. त्यांच्यात माणूस मेला की आडवा करत नाहीत. मांडी घालून बसवतात, बसवूनच नेतात. खड्ड्याच्या एका बाजूला कोनाड्यासारखी जागा खोदलेली असते. तिथं तो तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसल्यासारखा बसतो आणि मग माती देतात. जन्मभर ज्या बैठकीत पूजा केली त्याच बैठकीत जायचं. सोमलिंगाची आई तशी गेली होती, बाप तसा गेला होता.

"काय बोलतीस अमंगळ," तो म्हणाला.

"अमंगळ न्हाय. रोज डोक्यात येतं. चारजण मिळून माझा पाय मोडतील परत. न्हायतर आडवी टाकतील, कुत्र्यासारखी." ती शांतपणे बोलत होती. "मला मांडी घालता आली पायजे. बाकी काय नको मला."

गावात तेव्हा नुकतीच दूध सोसायटी निघाली होती. सकाळी दुधाचा टेम्पो उमरग्याला जायचा. सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब म्हणजे नात्यानं सोमलिंगाचे मावसभाऊ. त्यांनी ड्रायव्हरला सांगून इरम्माला पुढच्या सीटवर जागा दिली. पाय दारातून बाहेर निघत होता, म्हणून दार सुतळीनं बांधलं. सोमलिंग मागं कॅनांमध्ये बसला. उमरग्याहून एस.टी.नं शहर.

मास्तर त्याच खोलीत होते. त्यांनी गुडघ्यावर एक पितळी मोजपट्टी धरली आणि वाकवून बघितलं. मग विचारलं, "घरी बसता कशा?"

इरम्मानं सगळं सांगितलं. फळीची खुर्ची, उंच बाज, ओट्यावरची चूल, पूजेचं मेज. कोरलेली बेलाची पानंही सांगितली. सोमलिंग दाराशी उभा होता. त्याला वाटलं, मास्तर आता शाबासकी देतील.

"हे सगळं यांनी केलं?"

"व्हय. स्वतःच्या हातानं."

मास्तरांनी मोजपट्टी बाजूला ठेवली. मग सोमलिंगाकडं वळून म्हणाले, "काम चांगलं केलंत तुम्ही. पण जिच्यासाठी गुडघा वाकवावा लागेल अशी एकही वस्तू घरात राहू दिली नाहीत."

सोमलिंगाला वाटलं, आपण खाली बसावं. पण तिथं बसायला काही नव्हतं.

"आता?" इरम्मानं विचारलं.

"वेळ गेली, बाई. आत सगळं चिकटून बसलंय. ताणून ताणून थोडं येईल. किती येईल, मी सांगू शकत नाही. मांडी..." त्यांनी मान हलवली. "करून बघा. उद्यापासून नको. आजपासून."

घरी आल्या आल्या सोमलिंगानं पहार घेतली आणि चुलीचा ओटा फोडला. इरम्मा म्हणाली, "सैपाक कुठं करू?" मग तिघांनी मिळून चूल परत खाली घातली, कारण हरणाबाईही येऊन उभी राहिली होती. इरम्मा चुलीपुढं पाय पसरून बसली आणि भाकरी जळली.

ताणायचं काम मात्र सोमलिंगाला जमेना. तो घोटा धरायचा. इरम्मा म्हणायची, "दाबा." तो दाबायचा. तिच्या कपाळावर घाम आला की तो सोडून द्यायचा. "म्या सोडा म्हणलं का?" ती चिडायची. "सोडा म्हणल्यावर सोडायचं. आधी न्हाय." पण त्याला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं आणि न बघता दाबवत नव्हतं.

हरणाबाईनं आठ दिवस ते काम केलं. "तुझा नवरा म्हणजे लोण्याचा खिळा," ती म्हणायची आणि दाबायची. पण तिलाही तिचं घर होतं, मजुरी होती. रोज दोनदा कोण येणार?

मग सोमलिंगाला चौरंग सुचला. लिंबाच्या उरलेल्या लाकडाचा त्यानं चौरंग केला, चोवीस बोटं उंच. त्याच्या खालून पुढं एक जाड फळी काढली आणि त्या फळीवर टाचेच्या जागी सागवानी खुंटी ठोकली. चौरंगावर बसायचं, डावी टाच खुंटीला आतून टेकवायची. खुंटी टाचेला पुढं सरकू देत नाही. चौरंग जितका खाली, तितका गुडघा वाकतो. दाबायला कुणी लागत नाही. माणसाचं स्वतःचं वजन दाबतं. सोमलिंगानं फक्त टाच धरून बसायचं, आणि इरम्मा सोडा म्हणाली की टाच खुंटीवरून उचलायची.

दर पंधरा दिवसांनी चौरंगाच्या चारी पायांचं एकेक बोट कापायचं, खुंटी मात्र होती तिथंच ठेवायची.

पहिल्या कापणीनंतर इरम्मा जेवली नाही. दुसरीनंतर जेवली. कापलेले तुकडे ती भिंतीतल्या देवळीत रचून ठेवायची, चार चार. सकाळ-संध्याकाळ ती चौरंगावर बसायची, तो पुढ्यात उकिडवा बसून टाच धरायचा. आधी ती शंभर आकडे मोजायची, मग दोनशे. "सोडा," म्हणायची. तो सोडायचा. वीस बोटं झाली. अठरा झाली. एक दिवस बाबू सुतार आला, चौरंगाभोवती फिरला, खुंटी हलवून बघितली.

"आमच्यात चाक करत्यात, गाडी करत्यात," तो म्हणाला. "कमी करत जायची वस्तू म्या पयल्यांदा बघितली."

सोळा बोटांवर ते परत शहरात गेले. मास्तरांनी मोजपट्टी धरली आणि दोनदा बघितली. मग सोमलिंगानं चौरंग कसा केला ते ऐकून घेतलं, कागदावर काढून घेतलं. "मला असे दोन करून द्याल? इथल्यासाठी?" सोमलिंगानं दोन केले. पायात भोकं पाडून खिळे घातले, म्हणजे दवाखान्यात कापत बसायला नको, खिळा काढला की बैठक खाली. दुधाच्या टेम्पोतून ते गेले. महिन्यानं मास्तरांचा चिठ्ठीवर निरोप आला. एका ट्रक ड्रायव्हरचा गुडघा त्यावर पूर्ण वाकला होता. त्याचं प्लास्टर निघून तीन आठवडेच झाले होते.

इरम्मानं तो निरोप दोनदा वाचून घेतला. "पूर्ण," ती म्हणाली. "बघा."

तेरा बोटांवर ते थांबलं.

बाराव्यांदा कापायच्या आधी सोमलिंगानं बघायचं म्हणून टाचेखाली एक बोटाची पट्टी घातली. टाच तेवढी वर आली की चौरंग एक बोट कापल्यासारखाच. इरम्मानं वीसही मोजले नाहीत. गुडघ्यातून एक आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा बारीक, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. गुडघा आठ दिवस सुजून होता. या वेळी सोमलिंग एकटाच शहरात गेला. मास्तरांनी सगळं ऐकलं.

"इथपर्यंतच," ते म्हणाले. "याच्या पुढं ताणलात तर जोडलेलं हाड परत मोडेल. त्या चौरंगावर बसू द्या रोज, म्हणजे आहे तेवढं टिकेल. पण आता कापू नका."

"मांडी?"

"नाही."

"आधी आलो असतो तर?"

मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. ते चांगले गृहस्थ होते.

परतीच्या वाटेवर सोमलिंगानं ठरवलं की तिला सांगायचं. उमरग्यात ठरवलं, टेम्पोत ठरवलं. दारात इरम्मा काठी टेकून उभी होती.

"काय म्हणले?"

"म्हणले, सूज उतरू द्या. मग चालू ठेवा."

सूज उतरली. पंधरवडा आला. सोमलिंगानं चौरंग उचलला, गोठ्यामागं नेला आणि लिंबाचा दुसरा एक वासा करवतीखाली धरला. त्यातून एकेक बोटाचे चार तुकडे कापले. आवाज घरात पोचेल इतक्या जोरानं कापले. तुकडे आणून इरम्माच्या हातात दिले. ती ते देवळीत ठेवून आली, चौरंगावर बसली, टाच खुंटीला लावली.

"जमतंय," ती म्हणाली.

पुढच्या पंधरवड्यात परत तसंच. त्याच्या पुढच्यातही. देवळीतली रास वाढत होती आणि चौरंग तेवढाच होता. सोमलिंगाला रात्री झोप लागत नव्हती. आधी तिचं रडणं बघवलं नाही म्हणून पाय जपला होता, आता तेच बघवणार नाही म्हणून चौरंग जपत होता. एकच चूक आपण दोनदा करतोय हे त्याला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे तिच्या तोंडाकडं बघून सांगायचं.

चौथ्या वेळी तो तुकडे घेऊन आला तेव्हा इरम्मानं हात पुढं केला नाही.

"हे ठेवायला जागा न्हाय आता देवळीत," ती म्हणाली. "करवत ठेवा बाजूला. तेरा हायेत."

"कसले तेरा?"

"बोटं. म्या रोज मोजते, बसायच्या आधी." तिनं चौरंगाच्या पायाला बोटं लावून दाखवली, एका हातावर दुसरा हात. "पयल्याच दिवशी कळलं मला. ह्या तुकड्याचा रंग निराळा हाय. साल हाय ह्याला."

सोमलिंगानं तुकडे खाली ठेवले.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कापत होता, कापू दिलं. आणखी काय करणार होता तुमी?"

इरम्मा चौरंगावर बसली. ती म्हणाली, "टाच धरा." त्यानं धरली. तिनं दोनशे मोजले. "सोडा."

त्यानंतर ती सात वर्षं जगली. चौरंगावर बसून भाकरी करायची, चौरंगावर बसून पूजा करायची. अय्या आले की बायांच्या ओळीत तिचा चौरंग असायचा. ती इतरांपेक्षा तेरा बोटं वर, पण पाय कुणाच्या पाठीला लागत नव्हता. मेल्यावर बसवायचा विषय तिनं परत काढला नाही. सकाळ-संध्याकाळ सोमलिंग टाच धरायचा. त्यानं गुडघा आणखी वाकणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ब्याऐंशीच्या माघात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी फुफ्फुसं भरली. आण्णासाहेबांनी गाडी बघतो म्हटलं. गाडी येईपर्यंत ती गेली. पहाटेची वेळ होती. गाडी दारात आली आणि तशीच परत गेली.

भाऊबंद जमले. इरम्माचा भाऊ चन्नबसप्पा आला. बायांनी तिला अंघोळ घातली, इरकल लुगडं नेसवलं, भस्म लावलं. मग भिंतीला टेकवून बसवायची वेळ आली. उजवा पाय दुमडला. डावा दुमडेना. चन्नबसप्पानं खांद्याला धरलं, दोघांनी पाय धरला. कुणीतरी गरम तेल आणलं.

"जरा जोर लावा," एक म्हातारा म्हणाला. "आता काय दुखायचं हाय तिला."

त्यांनी जोर लावला. सोमलिंग दाराशी होता. इरम्माचा चेहरा शांत होता. ती रडत नव्हती, सोडा म्हणत नव्हती. तरी त्याला ते बघवलं नाही.

"थांबा," तो म्हणाला.

तो आत गेला आणि चौरंग घेऊन आला. भिंतीशी मांडला. माणसं अय्यांकडं बघायला लागली. अय्या आता थकले होते. त्यांनी चौरंग बघितला. श्रावणात किती तरी वेळा त्यांनी तो बघितला होता.

"मांडी पायजे," चन्नबसप्पा म्हणाला. "रीत हाय ती, अय्या. लोक काय म्हणतील?"

"मांडी असते लिंग मांडीवर नीट राहावं म्हणून," अय्या सावकाश म्हणाले. खरंच तसं आहे की नाही, कुणाला माहीत. "ती ह्याच्यावर बसूनच पूजा करत होती. बसवा."

शेतातल्या खड्ड्यापाशी नेल्यावर मापाचा प्रश्न आला. कोनाडा मांडी घातलेल्या माणसाच्या मापानं खोदलेला होता. चौरंगावर बसवली तर डोकं वर अडणार. चन्नबसप्पा म्हणाला, "बघा, म्हणूनच म्हणतो." खोदणारे सोमलिंगाकडं बघत होते. सोमलिंग खाली उतरला. कोनाड्याच्या तळाशी त्यानं बोटं लावली, हातावर हात ठेवून मोजलं, आणि पहारीनं रेघ मारली.

"एवढं खाली घ्या," तो म्हणाला. "तेरा बोटं."

जमीन खाली मुरमाची होती. तेरा बोटांना बराच वेळ लागला. माणसं उन्हात उभी होती. हरणाबाई बांधावर एकटी बसली होती, ती उठली नाही.

इरम्माला खाली उतरवलं. चौरंग कोनाड्यात बसला, जराही डुगडुगला नाही. चन्नबसप्पानं तिला मागून धरलं. अय्यांनी वरून सांगितलं तसं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, बेल ठेवला. सोमलिंग पुढ्यात उकिडवा बसला. त्यानं तिची डावी टाच उचलली आणि खुंटीला आतून टेकवली. पाय जेवढा वाकायचा तेवढा वाकला.

वर माणसं खड्ड्यात टाकायचं मीठ आणि भस्म घेऊन उभी होती. सोमलिंग टाच धरून बसून राहिला. चन्नबसप्पा वर चढला. अय्यांनी मंत्र म्हटला, परत म्हटला. सोमलिंगाचे ओठ हलत होते. जवळच्याला वाटलं तोही मंत्र म्हणतोय. तो आकडे मोजत होता. शंभर झाले, दोनशे झाले, तरी तो तसाच बसला होता.

शेवटी अय्याच वाकून म्हणाले, "सोड, सोमलिंग."